पूर्वी गांजा ओढला असेल तर अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्स मिळतो का?

व्हर्जिनियाचा उत्तर भाग, मेरीलँड, अलाबामातलं हंट्सव्हिल, कोलोरॅडो स्प्रिंग्ज. या भागांत इंजिनिअरची नोकरी शोधणाऱ्याला ऑफर लेटरमध्ये एक अट वारंवार दिसते: सिक्युरिटी क्लिअरन्स मिळाला तरच ही नोकरी तुमची. उपग्रह, क्षेपणास्त्रं, सायबर सुरक्षा, गुप्तचर खात्यांची सॉफ्टवेअरची कामं, सगळीकडे हेच. एच-वन व्हिसावर आलेल्या मराठी मंडळींची इथे जन्मलेली मुलं आता याच वयात आणि याच क्षेत्रांत आहेत. जन्माने नागरिक, डिग्री चांगली, मार्क चांगले. मग क्लिअरन्ससाठी भरायचा एसएफ-८६ नावाचा फॉर्म उघडतो, तेविसाव्या विभागापाशी हात थबकतो आणि घरात कुजबुज सुरू होते: कॉलेजात दोन-चारदा गांजा ओढला होता, ते लिहायचं का?

लिहायचं. बहुतेक वेळा जुन्या दोन-चार झुरक्यांपायी क्लिअरन्स जात नाही. तो जातो लपवाछपवीपायी, किंवा फॉर्मवर सही झाल्यावरही सवय चालू ठेवल्यापायी. असं का, हे कळायला हवं असेल तर तपासणी कशी चालते ते आधी पाहावं लागेल.

क्लिअरन्स म्हणजे गोपनीय सरकारी माहिती हाताळायची पात्रता. कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट अशा तीन पायऱ्या आहेत. तो फक्त अमेरिकन नागरिकांना मिळतो, ग्रीन कार्डवाल्यांना नाही. आपला आपण अर्जही करता येत नाही. सरकारी खातं किंवा कंत्राटदार कंपनी नाव पुढे करते. बहुतेक तपासण्या संरक्षण खात्याची डीसीएसए ही संस्था करते. तपास अधिकारी फक्त माहिती गोळा करतो. निर्णय दुसराच माणूस घेतो, त्याला ॲडज्युडिकेटर म्हणतात. मुलाखतीत अधिकारी हसून बोलला म्हणून काम झालं, किंवा कोरडा वागला म्हणून गेलं, असं समजायचं कारण नाही.

आपल्याकडे चारित्र्य पडताळणी म्हटलं की पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल आहे का, हा मुख्य प्रश्न. इथला हिशेब वेगळा आहे. कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. क्लिअरन्सच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की शंका उरली तर निकाल राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने लावायचा. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालच्या नेव्ही विरुद्ध इगन खटल्यात सांगून टाकलं आहे. म्हणजे ‘माझ्याविरुद्ध पुरावा काय?’ हा पवित्रा इथे चालत नाही. शंका फेडायची जबाबदारी अर्जदाराची.

निर्णयाचे नियम ‘सीड फोर’ या निर्देशात आहेत. जून २०१७ पासून तो सगळ्या केंद्रीय खात्यांना लागू आहे. त्यात तेरा मुद्दे, ए पासून एम पर्यंत. परदेशाशी असलेले संबंध, कर्जबाजारीपणा, दारू, गुन्हे वगैरे. अमली पदार्थांचा मुद्दा एच. सरकारची चिंता नैतिक कमी आणि व्यवहारी जास्त आहे. नशेत माणसाची विवेकबुद्धी ढळते, हा एक भाग. कायद्याने मनाई असलेली गोष्ट जो सर्रास करतो, तो गोपनीयतेचे नियम पाळेल का, हा दुसरा, आणि माझ्या मते हाच खरा. शिवाय ज्याला काही लपवायचं असतं त्याच्यावर दबाव आणणं सोपं असतं.

तेविसावा विभाग नेमकं काय विचारतो

एसएफ-८६ शंभराहून अधिक पानांचा आहे. आता तो ऑनलाइन भरतात. तेविसाव्या विभागात मुख्य प्रश्न मागच्या सात वर्षांचा: या काळात बेकायदा अमली पदार्थ घेतलात का? ‘घेणं’ म्हणजे काय तेही दिलंय: ओढणं, हुंगणं, टोचून घेणं, गिळणं, नुसतं चाखून पाहणंही. ‘एकदाच, मित्राच्या आग्रहाखातर’ ही पळवाट तिथेच बंद होते. हो म्हटलं की पुढचे रकाने उघडतात. कोणता पदार्थ, पहिल्यांदा कोणत्या महिन्यात, शेवटचा कधी, किती वेळा, कशा प्रकारे. पुढे पुन्हा घ्यायचा विचार आहे का? असेल तर का, नसेल तर का नाही? तारखेच्या शेजारी ‘अंदाजे’ अशी खूण करायची छोटी चौकट असते. ती वापरायला लाजू नये. पाच वर्षांपूर्वीच्या पार्टीचा महिना कुणालाच ठामपणे आठवत नाही. खोटी अचूकता दाखवण्यापेक्षा अंदाज बरा.

विकत घेणं, विकणं, जवळ बाळगणं, पिकवणं यांचे प्रश्न निराळे. चार मित्रांसाठी गमीचं (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्यांचं) पाकीट आणून पैसे वाटून घेतले असतील, तर ते ‘मी फक्त खाल्ली’ या सदरात बसत नाही. त्याशिवाय काही प्रश्नांना सात वर्षांची मर्यादाच नाही. क्लिअरन्स हातात असताना कधीही घेतलं का? पोलीस, कोर्ट किंवा सार्वजनिक सुरक्षेच्या नोकरीत असताना? आणि बाविसाव्या विभागात, दारू किंवा अमली पदार्थांशी संबंधित आरोप तुमच्यावर कधी ठेवला गेला का? हे आयुष्यभराचे प्रश्न आहेत.

या विभागाच्या सुरुवातीलाच एक आश्वासन छापलेलं आहे, आणि घाबरलेल्या माणसाच्या नजरेतून नेमकं तेच निसटतं. इथे दिलेली खरी उत्तरं तुमच्याविरुद्ध पुढच्या फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत. थोडक्यात, खरं लिहिल्याने तुरुंग नाही. खोटं लिहिल्याने मात्र होऊ शकतो: केंद्र सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

‘पण आमच्या राज्यात तर कायदेशीर आहे’

हा गैरसमज सगळ्यांत जास्त लोकांना अडकवतो. २०१२ साली कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांच्या मतदारांनी मौजेसाठी गांजा कायदेशीर केला, २०१६ ला कॅलिफोर्नियाने. नंतर इतरही बरीच राज्यं त्या वाटेने गेली. डेन्व्हरमध्ये रीतसर दुकान आहे, पावती मिळते, राज्याचा कर लागतो. क्लिअरन्स मात्र केंद्र सरकार देतं, आणि केंद्राच्या १९७० च्या कायद्याने गांजाला नियंत्रित पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात टाकलं. २०२४ च्या मे महिन्यात न्याय खात्याने त्याला पहिल्यातून तिसऱ्या परिशिष्टात हलवण्याचा प्रस्ताव मांडला. तिसऱ्यातलाही पदार्थ नियंत्रितच असतो, तेव्हा तेवढ्याने दुकानातला मौजेचा गांजा केंद्राच्या लेखी मोकळा होत नाही. तेविसाव्या विभागात तर थेट सांगितलंय: राज्याने परवानगी दिली असली तरी उत्तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे द्या.

म्हणून डेन्व्हरच्या दुकानातून पावती घेऊन आणलेली गमी आणि न्यू यॉर्कच्या गल्लीत कुणाकडून घेतलेली पुडी, फॉर्मवर दोन्हींचं उत्तर ‘हो’ असंच. वजन करताना मात्र ॲडज्युडिकेटर परिस्थिती पाहतो. डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रीय गुप्तचर संचालक ॲव्हरिल हेन्स यांनी सगळ्या खात्यांना पत्र पाठवलं. पूर्वी मौजेसाठी घेतलेला गांजा विचारात घ्यावा, पण केवळ त्यावरून निकाल लावू नये, असा त्याचा मथितार्थ. दार उघडलं वगैरे नाही. पण नुसत्या भूतकाळाच्या भीतीने अर्जच न करणाऱ्या मुलांनी तो वाचायला हवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: वेळ. फॉर्मवरची सही ही यातली लक्ष्मणरेषा आहे. सहीच्या कितीतरी आधी घेतलं आणि सोडून दिलं, तर तो भूतकाळ. सही केल्यावर घेतलं, तर ‘सरकार विचारतंय हे माहीत असूनही घेतलं’ असा त्याचा अर्थ होतो, आणि तो धुऊन काढणं फार कठीण जातं. क्लिअरन्स मिळाल्यावर घेतलं, तर त्याहून वाईट. ती नियमांत वेगळी नोंदलेली बाब आहे. हाती क्लिअरन्स असताना एकदाच ओढलेली गांजाची सिगारेट कॉलेजातल्या वीसदा ओढण्यापेक्षा जास्त महागात पडू शकते. आणि जो आजही घेतो, त्याच्यासाठी तर २००८ च्या बाँड दुरुस्तीने दारच बंद केलंय: बेकायदा अमली पदार्थ घेणाऱ्या किंवा व्यसनी माणसाला क्लिअरन्स देताच येत नाही, कुठल्याही खात्याला त्यात सूट द्यायचा अधिकार नाही.

मग सोडून किती दिवस व्हायला हवेत? सगळे हेच विचारतात, आणि ‘इतके महिने झाले की पास’ असा आकडा नियमांत कुठेच नाही. क्लिअरन्सच्या दाव्यांवरचं अपील मंडळ वारंवार हेच सांगत आलंय. पाहिलं जातं ते असं: किती पूर्वी, किती वेळा, कोणत्या वयात, कशा संगतीत, आणि ती संगत सुटली का. समजा दोन उमेदवार आहेत. एकीने तीन वर्षांपूर्वी, विसाव्या वर्षी, वसतिगृहात पाच-सहा वेळा गांजा घेतला. आता दुसऱ्या शहरात राहते, ते मित्रमंडळ सुटलंय. दुसऱ्याने गेल्या वर्षापर्यंत दर शनिवार-रविवार घेतला आणि नोकरीची जाहिरात पाहिल्यावर थांबवला. त्याचे घरातले दोन्ही रूममेट अजून घेतात आणि तो म्हणतो, ‘मी समोर बसतो, पण घेत नाही.’ पहिलीचा अर्ज सहसा अडत नाही. दुसऱ्याला अवघड जाईल. त्याने घर बदललं, आणखी काळ जाऊ दिला, तर गणित बदलेल. कोकेन, एमडीएमए, एलएसडी अशा पदार्थांना गांजापेक्षा जास्त वजन, हे ओघाने आलंच.

अशा उमेदवाराला नियमांनी एक हत्यार दिलंय: सही केलेलं लेखी निवेदन. यापुढे अमली पदार्थांपासून पूर्ण दूर राहीन, आणि पुन्हा घेतलं तर क्लिअरन्स रद्द होईल हे मला मान्य आहे, अशा आशयाचं. कागद एका पानाचा असतो, पण नियमांत त्याचा नावानिशी उल्लेख आहे. नुसतं ‘आता घेत नाही’ म्हणण्यापेक्षा तो जवळ असलेला बरा. याच्या उलट, ‘पुढे घ्याल का?’ या रकान्यात ‘कदाचित, कायदा बदलला तर’ असं प्रामाणिकपणे लिहिणारे बहाद्दरही असतात. घेत राहण्याचा इरादा दाखवणं किंवा सोडल्याचं ठामपणे न सांगणं, ही स्वतंत्र प्रतिकूल बाब आहे.

आपल्या घरातला अडसर

आपल्या घरांत अशा गोष्टी चार भिंतींबाहेर न्यायच्या नसतात. मुलाने काही केलं असेल तर ते मावशीलासुद्धा कळता कामा नये, मग सरकारला कशाला? त्यातून महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत भेटलेले कुणी काका छातीठोकपणे सांगतात, ‘अरे, कुणाला कळतंय? नाही म्हणून टाक.’ हा सल्ला मुलाच्या करिअरचा घात करू शकतो. कारण कळतं.

फॉर्ममध्ये तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या माणसांची नावं द्यावी लागतात. राहत्या पत्त्यांपाशी आणि नोकऱ्यांच्या ठिकाणी कोण ओळखतं, तेही लिहावं लागतं. अधिकारी त्यांच्याकडे जातो, ओळखपत्र दाखवतो आणि विचारतो: दारू? अमली पदार्थ? कॉलेजातला रूममेट काही शत्रू नसतो; तो सहज म्हणतो, ‘हो, आम्ही सगळेच अधूनमधून घ्यायचो.’ फॉर्मवर ‘नाही’ आणि रूममेटच्या तोंडी ‘हो’. इथून प्रकरण एच मुद्द्यावरून ई मुद्द्यावर जातं, म्हणजे वैयक्तिक वर्तनावर. गांजा जुना झाला, पण खोटं उत्तर आजचं. गुप्तचर खात्यांच्या नोकऱ्यांत तर पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणीही असते.

चुकून किंवा घाबरून ‘नाही’ लिहून बसलात, तर मुलाखतीच्या सुरुवातीलाच, अधिकाऱ्याने पकडायच्या आधी, आपणहून सांगावं. वेळेत आणि स्वतःहून केलेली दुरुस्ती नियमांत अनुकूल धरली जाते. पकडल्यावर सांगितलं तर तिची किंमत उरत नाही. वकिलाच्या किंवा सुरक्षा प्रक्रियेची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याच्या सल्ल्यामुळे काही लिहायचं राहिलं, तर त्याचीही दखल घेतली जाते. मंडळातले काका या यादीत नाहीत.

आपल्यापुरत्या काही खास जागाही आहेत. सुट्टीत भारतात आलेल्या मुलाने होळीला भांग घातलेली थंडाई घेतली. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात झाडाचे शेंडे नसलेली नुसती पानं गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याची भांगेची दुकानं चालतात. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे भांगेलाही परवाना लागतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.) अमेरिकेच्या व्याख्येत मात्र पानंही आली. परदेशातल्या कायदेशीर भांगेला ‘बेकायदा सेवन’ म्हणायचं का, यावर वकील वाद घालू शकतील. पण नोंदवून सोबत दोन ओळींचा खुलासा लिहिण्याने नुकसान होत नाही. नकळत प्यायली गेली असेल तर तसंच लिहावं.

दुसरी जागा म्हणजे औषधांचा डबा. प्रत्येक भारतवारीत आई पिशवीभर गोळ्या आणते: झोपेसाठी अल्प्राझोलम, कंबरदुखीला ट्रामाडोल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. ही सगळी अमेरिकेत नियंत्रित औषधं आहेत. तेविसाव्या विभागात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांच्या गैरवापराचा वेगळा प्रश्न आहे, मग ती औषधं तुमच्या नावची असोत की दुसऱ्याच्या. ‘आईने दिली’ हे प्रिस्क्रिप्शन नव्हे. परीक्षेच्या आधी रूममेटची एडीएचडीची (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराची) गोळी घेणं हा कॉलेजात इतका सर्रास प्रकार आहे की मुलांना तो अमली पदार्थांत मोडतो हेच सुचत नाही. मोडतो.

सीबीडी तेलाचंही तसंच. सीबीडी हा गांजाच्याच झाडातला, पण नशा न आणणारा घटक; नशा आणतो तो टीएचसी. ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेलं हेंप, म्हणजे याच झाडाचा नशा न आणणारा प्रकार, २०१८ च्या कायद्याने केंद्रातही मोकळं झालं, पण बाटलीवर छापलेलं प्रमाण आणि आतलं प्रमाण जुळेलच याची खात्री नसते. चाचणीत टीएचसी सापडलं तर ‘मी सीबीडी घेतलं होतं’ या सबबीवर विसंबू नका, असा इशारा हेन्स यांच्या पत्रातही आहे. त्याच पत्रात शेअर बाजारवाल्यांसाठीही एक ओळ आहे. गांजा पिकवणाऱ्या वा विकणाऱ्या कंपनीत जाणूनबुजून थेट पैसे गुंतवले असतील तर ते प्रतिकूल ठरू शकतं. म्युच्युअल फंडाच्या पोटात असा एखादा शेअर असेल तर घाबरायला नको.

क्लिअरन्स आणि नोकरीचे नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एफबीआयची स्वतःची मुदत आहे. गांजासाठी ती तीन वर्षांची होती, २०२१ मध्ये एक वर्षावर आणली. इतर पदार्थांना दहा वर्षं. तेव्हाचे एफबीआय प्रमुख जेम्स कोमी यांनी २०१४ साली जाहीरपणे मान्य केलं होतं की सायबर गुन्हेगारांशी लढायला हवी असलेली काही पोरं मुलाखतीला येतानाही गांजा ओढू पाहतात. उलट व्हाइट हाउसमध्ये रुजू झालेल्या पाच जणांना गांजाच्या पूर्वेतिहासावरून जावं लागलं, हे मार्च २०२१ मध्ये समोर आलं. तेव्हा अर्ज करायच्या खात्याचे नियम आधी वाचावेत. (बराक ओबामांनी तरुणपणीच्या गांजा-कोकेनबद्दल स्वतःच लिहून ठेवलंय. पण राष्ट्राध्यक्षाला एसएफ-८६ भरावा लागत नाही. मतदार हेच त्याचे ॲडज्युडिकेटर.)

सगळं खरं लिहूनही शंका उरली तर कंत्राटदार कंपनीतल्या उमेदवाराला ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’ येतं. कोणत्या मुद्द्याखाली काय आक्षेप, हे त्यात क्रमाने दिलेलं असतं. उत्तराला वीस दिवस. प्रत्येक आक्षेप मान्य की अमान्य ते लिहायचं आणि सुनावणी हवी असेल तर तशी मागणी करायची. सुनावणी डोहा या संरक्षण खात्याच्या कार्यालयाच्या न्यायाधीशापुढे होते. वकील नेता येतो, साक्षीदार आणता येतात, चाचण्यांचे निकाल, समुपदेशकाचं पत्र, वरिष्ठांची प्रशस्ती जोडता येते. हे निकाल नावं गाळून जाहीर होतात, आणि ते वाचणं हा मला सर्वात उपयोगी अभ्यास वाटतो. आपल्यासारखंच प्रकरण बहुधा सापडतं. अखेर नकार आला तर एक वर्ष पुन्हा अर्ज करता येत नाही. त्यानंतर येतो, आणि ते वर्ष स्वच्छ गेलं असेल तर तेच पुढच्या वेळी कामी येतं.

जे जन्माने नागरिक नाहीत, ग्रीन कार्डवरून नागरिक झाले किंवा व्हायचे आहेत, त्यांनी आणखी सावध राहायला हवं. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांजा केंद्राच्या कायद्याचं उल्लंघन आहे आणि त्यामुळे नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो. तेविसाव्या विभागातलं संरक्षण फौजदारी खटल्यापुरतं आहे, इमिग्रेशनच्या कारवाईबद्दल तिथे शब्द नाही. नागरिकत्वाच्या अर्जात एक लिहिलं आणि एसएफ-८६ मध्ये दुसरं, असं झालं तर दोन्ही कागद सरकारच्याच हातात असतात. अशा माणसाने फॉर्म उघडण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्यावं. नुसता क्लिअरन्सचा वकील इथे पुरेलच असं नाही.